दोन्ही काटे एकदम खोटं का बोलतात? एमजीबी, १० व्होल्ट आणि डॅशबोर्डचा इतिहास

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लेखी रूप. बोलण्याच्या ओघात आलेली वाक्यं बहुतेक तशीच ठेवली आहेत.)

आजचा विषय एका डब्बीचा आहे. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, पत्र्याची, डॅशबोर्डच्या मागे अंधारात बसलेली. तिच्यामुळे आजवर कितीतरी लोकांनी रेडिएटर बदलले, थर्मोस्टॅट बदलले, आणि शेवटी कळलं की बिघाड फक्त एका गंजलेल्या स्क्रूत होता.

प्रसंग असा. ठिकाण इंग्लंड, महिना एप्रिल. तिथे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, आणि मीठ म्हणजे जुन्या पत्र्याचा काळ. त्यामुळे ज्यांच्याकडे जुनी स्पोर्ट्स कार आहे ते लोक नोव्हेंबरात ती झाकून ठेवतात आणि वसंतात बाहेर काढतात. समजा, अशी एक एमजीबी चार-पाच महिन्यांनी बाहेर आली. टाकीत अर्धंच पेट्रोल आहे हे मालकाला पक्कं ठाऊक आहे. चावी फिरवली, आणि पेट्रोलचा काटा सावकाश चढत चढत ‘फुल’च्या जवळ जाऊन बसला. गाडी सुरू केली, दहा-पंधरा मिनिटं चालवली, तर तापमानाचा काटा लाल बाजूला. पण बॉनेट उघडलं तर वाफ नाही, उकळण्याचा आवाज नाही, सगळं शांत.

आता विश्वास कोणावर ठेवायचा, काट्यावर की डोळ्यांवर? याचं उत्तर गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळतं, पण ते समजायला इतिहास लागतो. डॅशबोर्डवरचा प्रत्येक काटा वेगळ्या काळात, वेगळ्या माणसाने, वेगळी अडचण सोडवायला बनवलाय. तो कसा जन्मला हे कळलं की तो कसा बिघडतो हेही कळतं.

आधी गाडीची ओळख

आज एमजी म्हटलं की आपल्याला हेक्टर आठवते. पण ही दोन अक्षरं म्हणजे मॉरिस गॅरेजेस, इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड शहरातली मोटारींची पेढी. तिथला मॅनेजर सेसिल किंबर साध्या मॉरिस गाड्यांवर हलक्या, देखण्या बॉड्या चढवून विकायला लागला आणि त्यातून १९२० च्या दशकात एमजी हा ब्रँड उभा राहिला. १९२९ मध्ये कारखाना जवळच्या ॲबिंग्डन गावात गेला. १९६२ मध्ये तिथून एमजीबी बाहेर पडली आणि १९८० पर्यंत बनत राहिली. आकडा पाच लाखांच्या वर गेला. स्पोर्ट्स कारच्या मानाने हा आकडा प्रचंड आहे, आणि त्यातल्या बहुसंख्य गाड्या समुद्रापार अमेरिकेत गेल्या.

आपलं एक नातं इथे आहे. एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी-सिरीज’ घराण्यातलं. त्याच घराण्यातलं १४८९ सीसीचं इंजिन आपल्या अँबेसेडरमध्ये अनेक वर्षं धडधडत होतं. म्हणजे ज्या अँबेसेडरमधून तुमचे आजोबा गावाला गेले असतील, तिचं इंजिन या लाल रंगाच्या दोन सीटवाल्या गाडीचं चुलत भावंडच म्हणा ना.

काठी आणि रेडिएटरचं झाकण

सुरुवातीच्या मोटारींना काटेच नव्हते. फोर्डच्या मॉडेल टी मध्ये पेट्रोल किती आहे ते बघायचं तर सीट उचलायची, टाकीचं झाकण काढायचं आणि आत काठी बुडवायची. जिथपर्यंत ओली, तिथपर्यंत पेट्रोल. या पद्धतीला एक मोठा गुण होता: काठी खोटं बोलत नाही. आणि एक मोठा दोष, चालत्या गाडीत ती वापरता येत नाही.

तापमानासाठी १९१० च्या दशकात बॉइस मोटोमीटर नावाची वस्तू आली. रेडिएटरच्या झाकणावरच बसवलेला थर्मामीटर, ड्रायव्हरला समोरच्या काचेतून दिसेल असा. गंमत बघा, त्याचं टोक पाण्यात बुडालेलं नसायचं, पाण्याच्या वरच्या वाफेत असायचं. म्हणजे अगदी पहिल्या दिवसापासून गेज ‘इंजिन किती गरम आहे’ हे सांगत नव्हतं, ‘माझ्या टोकाला किती गरम लागतंय’ एवढंच सांगत होतं. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे ते आपलं इंजिन वाचवणार आहे.

नळी, चुंबक आणि एक घड्याळजी

मग दोन सुंदर यांत्रिक शोध मोटारीत शिरले. पहिला मोटारीहून कितीतरी जुना. १८४९ मध्ये पॅरिसमध्ये युजेन बूर्दाँने एक वाकडी, चपटी, एका टोकाला बंद असलेली पितळी नळी वापरून दाब मोजायचं पेटंट घेतलं. आत दाब वाढला की नळी थोडी सरळ व्हायला बघते, आणि त्या हालचालीने काटा फिरतो. वाफेच्या इंजिनांसाठी केलेला हा शोध पुढे ऑइल प्रेशर गेजमध्ये आला. एमजीबीच्या बहुतेक मॉडेलांत इंजिनातून एक बारीक पाइप थेट डॅशबोर्डपर्यंत येतो, आणि त्यात खरं तेल असतं. मध्ये वीज नाही.

दुसरा शोध १९०२ चा. जर्मनीच्या ओटो शुल्झेने स्पीडोमीटरचं पेटंट घेतलं. गिअरबॉक्सकडून येणारी केबल एक चुंबक फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते, दोघांचा स्पर्श नाही. चुंबक फिरला की वाटीत प्रवाह तयार होतो आणि वाटी त्याच दिशेला ओढली जाते. एक बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या रस्सीखेचीत वाटी जिथे थांबते, तो तुमचा वेग.

आणि घड्याळजी? लंडनमधलं सॅम्युअल स्मिथ यांचं घड्याळांचं दुकान. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या स्मिथ्स कंपनीने मोटारींची मीटरं बनवायला घेतली आणि पुढची कित्येक दशकं ब्रिटिश गाड्यांच्या डॅशबोर्डवर तिचंच नाव दिसत राहिलं. घड्याळजींनी हे काम घ्यावं यात नवल नाही. बारीक स्प्रिंग, बारीक अक्ष, काटा आणि डायल, सगळा त्यांच्याच हातचा मामला.

काटा शांत बसेना

पेट्रोलचा काटा मात्र विजेवर गेला. टाकी मागे, ड्रायव्हर पुढे, आणि मध्ये पेट्रोलची नळी केबिनपर्यंत आणणं कोणाला आवडेल? म्हणून टाकीत एक तरंगणारा फ्लोट, त्याला जोडलेला दांडा, आणि तो दांडा एका तारेच्या गुंडाळीवर सरकतो. या सगळ्याला आपले मेकॅनिक टँक युनिट म्हणतात. पेट्रोल बदललं की रेझिस्टन्स बदलतो आणि पुढचा काटा हलतो.

सुरुवातीच्या एमजीबीत हा काटा दोन कॉइलच्या चुंबकी ओढीवर चालायचा. तो चपळ होता, जरा जास्तच. वळणावर पेट्रोल हिंदकळलं की काटाही हिंदकळायचा. चढावर एक सांगायचा, उतारावर दुसरं.

साधारण १९६४-६५ पासून एमजीबीत दुसरी पद्धत आली, आणि तिची मुळं पुन्हा घड्याळातच आहेत. अठराव्या शतकात जॉन हॅरिसन समुद्रावर अचूक वेळ दाखवणारं घड्याळ बनवत होता. तापमानाने घड्याळ मागे-पुढे होऊ नये म्हणून त्याने दोन वेगळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना जोडल्या. गरम झाल्यावर एक धातू जास्त प्रसरण पावतो, दुसरा कमी, म्हणून पट्टी वाकते. हीच बायमेटल पट्टी. स्मिथ्सच्या नव्या गेजमध्ये या पट्टीभोवती बारीक तार गुंडाळलेली असते. प्रवाह जास्त, तर तार जास्त गरम, पट्टी जास्त वाकते, काटा वर. गरम व्हायला वेळ लागतो, म्हणून काटा आळशी. चावी फिरवल्यावर अर्धा मिनिट सावकाश चढतो. पेट्रोल हिंदकळलं तरी ढिम्म. ड्रायव्हर खूश!

पण यात एक गोची होती. अशा गेजला गाडीच्या व्होल्टेजचा फार फरक पडतो. चार्जिंग जोरात असलं की १४ व्होल्ट, रात्री दिवे आणि वायपर लावून गाडी जागेवर उभी असली की १२ च्याही खाली. आणि तारेची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने वाढते. हिशेब करा: १० चा वर्ग १००, १४ चा वर्ग १९६. म्हणजे व्होल्टेज १० चं १४ झालं तर उष्णता जवळजवळ दुप्पट. त्याच पेट्रोलला काटा भलतंच काही दाखवणार.

म्हणून आली आपली डब्बी, व्होल्टेज स्टॅबिलायझर. तिच्या आत पुन्हा तीच बायमेटल पट्टी आणि तापणारी तार. पट्टी गरम झाली की वाकते आणि प्रवाह तोडते. थंड झाली की परत जोडते. चालू, बंद, चालू, बंद. या उघडझापीची सरासरी येते १० व्होल्ट. गेज स्वतःच आळशी असल्यामुळे त्याला ही उघडझाप जाणवतच नाही. डब्बीवर तीन खुणा असतात: बी म्हणजे बॅटरीकडून येणारा, आय म्हणजे गेजकडे जाणारा, ई म्हणजे अर्थिंग. एकाही ट्रान्झिस्टरशिवाय केलेली ही युक्ती मला आजही भारी वाटते.

चार महिन्यांत काय होतं?

गाडी उभी राहिली की धातूला धातू लागतो त्या प्रत्येक जागी ऑक्साइडचा पातळ थर चढतो. वापरातल्या गाडीत थरथर, उष्णता आणि प्रवाह यामुळे हे सांधे जिवंत राहतात. उभ्या गाडीत ते झोपतात. लॉकडाउनमध्ये तुमच्याही घरची गाडी उभी होती ना? तेच, फक्त इथे वायरिंग पन्नास-साठ वर्षांचं.

आता मूळ कोड्याकडे या. अर्ध्या टाकीला ‘फुल’, आणि थंड डोक्याच्या इंजिनाला लाल. दोन्ही काटे एकाच वेळी, एकाच दिशेने चुकतायत. टाकीतला फ्लोट आणि इंजिनातला तापमानाचा सेन्सर एकाच आठवड्यात बिघडले असं समजायचं? तसं सहसा होत नाही. दोघांमध्ये जे समान आहे तिकडे बघा. समान आहे ती डब्बी. डब्बीची पट्टी तापवणारी तार अर्थिंगवर अवलंबून असते, आणि ते अर्थिंग मिळतं डब्बी ज्या स्क्रूने पत्र्याला लावलीय त्यातून. स्क्रू गंजला, अर्थिंग गेलं, तार तापेना, पट्टी वाकेना, प्रवाह तुटेना. १० ऐवजी सगळे १४ व्होल्ट गेजला. उष्णता जवळजवळ दुप्पट. कोडं सुटलं!

उपाय: बॅटरी सोडवा, स्क्रू काढा, पत्रा आणि डब्बीचा कान पॉलिश पेपरने घासा, परत घट्ट बसवा. डब्बी उभीच बसवायची, आडवी किंवा उलटी नको, कारण आतली उष्णता कुठे जाते यावर तिचं गणित ठरतं. तपासताना डिजिटल मल्टिमीटरवर आकडा उड्या मारताना दिसला तर घाबरू नका, ती डब्बीची तब्येत ठीक असल्याची खूण आहे. तोच आकडा बॅटरीच्या व्होल्टेजवर ठाम बसला, तर दुखणं सापडलं.

डब्बी खरोखर गेली असेल तर आता तशीच दिसणारी इलेक्ट्रॉनिक डब्बी मिळते, ती सरळ स्थिर १० व्होल्ट देते. फक्त एक बघा. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं असतं, आजच्या गाड्यांच्या उलट. त्या गाडीला त्याच प्रकारची डब्बी हवी.

आणि दोन्ही काटे वर जाण्याऐवजी मेल्यासारखे खाली पडलेत तर? तर डब्बीपर्यंत वीजच येत नसेल, किंवा डब्बीचे आतले काँटॅक्ट जळाले असतील. आधी फ्यूज काढून त्याच्या क्लिपा घासा. फ्यूज चांगला आणि क्लिप गंजलेली, हा जुन्या ब्रिटिश गाड्यांचा नेहमीचा किस्सा.

एकच काटा चुकतोय तेव्हा

फक्त पेट्रोलचा काटा वेडा झाला असेल तर संशय टाकीवर. इथे इतिहास किती कामाचा आहे बघा. समजा टाकीजवळचं अर्थिंग गंजून तुटलं. १९६५ नंतरच्या बायमेटलवाल्या एमजीबीत प्रवाह नाही, उष्णता नाही, काटा ‘रिकामी’वर. पण त्याआधीच्या चुंबकी गेजमध्ये रेझिस्टन्स जास्त म्हणजे पेट्रोल जास्त असा हिशेब होता. तिथे तीच तुटलेली वायर काट्याला थेट ‘फुल’वर पाठवते. गाडीचं नाव तेच, बिघाड तोच, आणि काटा अगदी उलट बोलतो. म्हणून गाडी कुठल्या वर्षाची आहे हे न विचारता फोनवरून सल्ला देणाऱ्यापासून जपून राहा.

अर्थिंग ठीक असेल तर टँक युनिट. जुन्या पेट्रोलचा चिकट थर गुंडाळीवर बसतो. इथेनॉलवालं पेट्रोल हवेतला ओलावा ओढतं, आणि ब्रिटनमध्ये २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. सरकणारं टोक एका जागी अडकतं किंवा मधेच संपर्क सोडतं, मग काटा उड्या मारतो. फ्लोटला भोक पडून आत पेट्रोल शिरलं तर फ्लोट बुडतो आणि काटा कायम ‘रिकामी’. तपासायला मल्टिमीटर पुरे. बायमेटलवाल्या गाडीत रिकाम्या टाकीला साधारण २५० ओम आणि भरल्या टाकीला २० च्या आसपास दिसायला हवेत. टाकीजवळ वायर पत्र्याला टेकवून ठिणगी पाडत बसू नका. तिथे पेट्रोलची वाफ असते.

स्पीडोमीटरचा काटा थरथरतोय? केबल कोरडी पडलीय किंवा कुठेतरी फार वाकलीय. ग्रीस लावा, पण हात आखडता ठेवा. जास्त ग्रीस फिरत्या केबलवरून वर चढून मीटरमध्ये शिरतं, आणि शुल्झेच्या त्या स्पर्श न करणाऱ्या वाटीला चिकटतं.

आरपीएमचा काटा नाचत असेल तर आधी कान द्या. काटा नाचतोय आणि इंजिनही अडखळतंय, तर काटा खरं बोलतोय. इग्निशनची एखादी वायर ढिली आहे. इंजिन गुळगुळीत चालतंय आणि फक्त काटा नाचतोय, तर मग मीटर उघडा.

सगळ्यात धोकादायक काटा

आता महत्त्वाचं. लाल दाखवणारा काटा लोकांना घाबरवतो, म्हणून ते गाडी थांबवतात. धोका त्या काट्याचा आहे जो ‘सगळं ठीक’ म्हणतो.

बॉइस मोटोमीटर आठवा: माझ्या टोकाला किती गरम लागतंय. तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडलेला असेल तरच त्याचं म्हणणं खरं. उभ्या राहिलेल्या गाडीत होज पाइप कडक होतात, क्लिपा ढिल्या पडतात, कूलंट थेंब थेंब निघून जातं. पातळी सेन्सरच्या खाली गेली की तो हवेत लटकतो. इंजिन जळायला आलंय आणि काटा आरामात बसलाय, कधी तर खाली येतोय! जुन्या एमजीबीत तापमानाचं गेज विजेचं नसून इथर भरलेल्या बारीक नळीचं असतं. ती नळी एकदा पिचली की काटा कायमचा ‘थंड’. म्हणून साठवलेल्या गाडीत काट्यावर विश्वास ठेवण्याआधी, इंजिन थंड असताना, रेडिएटर उघडून डोळ्यांनी पाणी बघायचं. मॉडेल टी ची काठी इथे परत येते.

आणि ऑइल प्रेशर? पाइपवाल्या गाडीत हा डॅशबोर्डवरचा सगळ्यात सरळ साक्षीदार. स्पार्क प्लग काढून स्टार्टर थोडा फिरवा. काटा उठला, तरच प्लग लावून इंजिन सुरू करा. उठला नाही, तर ‘गेज खराब असेल’ म्हणून पुढे जाऊ नका. दुसरं गेज लावून बघा. इथली चूक म्हणजे इंजिनच्या बेअरिंगा.

शांत काट्याची किंमत

१९६० च्या दशकात इंजिनिअरांनी काटा आळशी केला, कारण हलणारा काटा बघून लोक अस्वस्थ होत. आज ते काम सॉफ्टवेअर करतं. बऱ्याच नव्या गाड्यांत इंजिनाचं तापमान बऱ्यापैकी वर-खाली झालं तरी काटा मुद्दाम मध्यावर धरून ठेवलेला असतो. काही गाड्यांत तर काटाच नाही, एक निळा दिवा आणि एक लाल. फरक एवढाच, एमजीबीत काट्याला शांत करणारी डब्बी तुम्ही हातात घेऊन, घासून, परत लावू शकता. नव्या गाडीत ती कोडच्या ओळींत लपलीय.

तर पुढच्या वेळी कुठलाही काटा विचित्र वागला, मग ती एमजीबी असो, आजोबांची अँबेसेडर असो नाहीतर महिनाभर पार्किंगमध्ये उभी असलेली तुमची बाइक, तीन प्रश्न विचारा. एकटाच चुकतोय की जोडीने? त्याला वीज आणि अर्थिंग कुठून मिळतं? आणि त्याचं टोक नक्की कशात बुडलंय? या तीन प्रश्नांनी अर्धं काम होतं, आणि पाकीटही वाचतं.

तुमच्या घरी उभी असलेली जुनी गाडी असेल तर तिच्या डॅशबोर्डचा फोटो आणि तिचं वर्ष आम्हाला पाठवा. वर्ष विसरू नका, ते का लागतं हे आता तुम्हाला माहीत आहे. भेटू पुढच्या भागात. तोवर, पाणी बघूनच गाडी काढा!